श नसलेला अशोक

यशवंतपूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर इंग्रजीत जे नाव आहे, त्यात श नाही. वाय, ई, एस आणि लगेच व्ही. अक्षरे जशी दिसतात तशी वाचली तर 'येस्वंतपूर' होते. दुकानांच्या पाट्यांनी, बसनी आणि २०१४ साली आलेल्या मेट्रोने एच घालून तो श परत आणला. रेल्वेने आपले जुने स्पेलिंग सोडलेले नाही.

२००० सालच्या जुलैत राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमधून मी इथे पहिल्यांदा उतरले. पहाटेची वेळ, बारीक पाऊस, हातात बेडिंग आणि एक पत्र्याची ट्रंक. मिरजेला दुपारी गाडीत बसवताना बाबा म्हणाले होते, "बेंगळूरपर्यंत जाऊ नकोस. त्याच्या आधीचं स्टेशन यशवंतपूर, तिथं उतर. तिथनं पुढं जालहळ्ळी." बाबा बेंगळूरला कधी गेलेले नव्हते. पण जालहळ्ळी त्यांना पाठ होती, कारण तिथे एचएमटीचा कारखाना होता आणि बाबा घड्याळजी होते. मिरजेच्या लक्ष्मी मार्केटजवळ त्यांचे दुकान. दुकान म्हणजे काचेची एक पेटी, एक दिवा, डोळ्याला लावायचे भिंग आणि पांढरी एनॅमलची ताटली. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने जालहळ्ळीत घड्याळे बनू लागली, आणि पुढची तीसेक वर्षे मिरजेच्या मास्तरांच्या, कंडक्टरांच्या, लग्नातल्या नवरदेवांच्या मनगटावर जे काही टिकटिकत होते, त्यातले बहुतेक तिथूनच आलेले. बाबांसाठी यशवंतपूर हे त्या घड्याळांच्या माहेरच्या वाटेवरचे स्टेशन होते. मी तिथे नोकरीला निघाले याचा त्यांना जो आनंद होता, त्यातला थोडा भाग घड्याळांचा होता.

माझी कंपनी तुमकूर रोडच्या कडेला, जुन्या औद्योगिक वसाहतीत होती. खाली पूर्वीचे कारखान्याचे शेड, वर नवीन काचा लावलेले दोन मजले. आत कमरेच्या वर येणाऱ्या राखाडी पार्टिशनचे चौकोन. आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनात, टाचणीने टोचलेली, कडा पिवळ्या पडत चाललेली डिल्बर्टची चित्रपट्टी. कुणी वर्तमानपत्रातून कापलेली, कुणी प्रिंटरवर काढलेली. पहिल्या दिवशी मला वाटले हा कंपनीचाच काही नियम असेल. ती माणसे कोण आहेत हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे 'सकाळ'मधला चिंटू होता, टाइम्समधला लक्ष्मण यांचा कॉमन मॅन होता. १९८८ साली लक्ष्मण यांच्याच रेषेतून उतरलेला वागळे दूरदर्शनवर आला, तेव्हा अख्खी गल्ली आमच्या एका टीव्हीपुढे बसायची. तो वागळे हाडामांसाचा होता, अंजन श्रीवास्तवांचा. डिल्बर्टची माणसे मात्र कागदावरून उठून पडद्यावर गेली तरी रेषेचीच राहिली.

त्यांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. स्कॉट ॲडम्स हा कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीत नोकरी करायचा. पहाटे चारला उठून चित्रे काढायची आणि मग ऑफिसला जायचे, अशी त्याची कित्येक वर्षे गेली. १६ एप्रिल १९८९ला पट्टी छापायला सुरुवात झाली. १९९३ मध्ये त्याने पट्टीच्या चौकटींमध्ये आपला ईमेलचा पत्ता छापला, आणि जगभरच्या ऑफिसांतून पत्रे येऊ लागली: आमच्या साहेबाने काल हे केले, आमच्या कंपनीने असा नियम काढला. पट्टी त्या पत्रांवर पोसली. म्हणूनच ती वाचताना प्रत्येकाला वाटायचे, हा आपल्याच मजल्यावर कुठेतरी बसलेला आहे. २५ जानेवारी १९९९ला तिची ॲनिमेशन मालिका अमेरिकेत सुरू झाली. 'साइनफेल्ड'च्या लेखकांपैकी लॅरी चार्ल्स तिच्या उभारणीत होता. दोन हंगाम, तीस भाग. मी यशवंतपूरला उतरले त्याच जुलैत ती बंद पडली.

तिच्यातला डिल्बर्ट हुशार आहे आणि हताश आहे. त्याचा टाय कायम वर वळलेला. वॉली हातात कॉफीचा मग घेऊन फिरतो आणि काम टाळण्यात त्याने आयुष्य घातले आहे. ॲडम्सने सांगून ठेवले आहे की तो एका खऱ्या सहकाऱ्यावरून सुचला, ज्याची स्वतःचीच इच्छा होती की कंपनीने आपल्याला काढून टाकावे, कारण त्यात भरपाईची रक्कम चांगली होती. केसांची दोन शिंगे उभी असलेल्या बॉसला नावच नाही. मनुष्यबळ विभागाचा प्रमुख एक मांजर आहे, आणि डिल्बर्टचा कुत्रा जगाला सल्ले विकतो.

आणि ॲलिस. तिच्यावर मला जरा थांबायचे आहे. ती त्या ऑफिसातली जवळजवळ एकमेव बाई इंजिनिअर. तिचे केस त्रिकोणी, अंगात गुलाबी पोशाख, मूठ कायम वळलेली. ती सगळ्यांत जास्त तास काम करते आणि सगळ्यांत जास्त चिडते. आमच्या मजल्यावर आम्ही मुली पाचजणी होतो. त्यातल्या कुणी मीटिंगमध्ये आवाज चढवला, की मागून "ॲलिस" असा शब्द यायचा. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसायचे, तो तिचा चाहताच असायचा. पण मी घरी जाऊन त्या पट्ट्या पुन्हा वाचल्या. तिचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर होते. साहेबाने तिचे काम दुसऱ्याच्या नावावर टाकलेले असायचे, किंवा रात्रभर बसून केलेली गोष्ट सकाळी रद्द झालेली असायची. हसू यायचे ते तिच्या मुठीचे. तिच्या रागाचे कारण वाचून कुणाला हसू येण्यासारखे त्यात काही नव्हते. एखाद्याचा राग रेषेत इतका छान बसला की राग कशाचा होता हे विसरायला होते. हे मला तेव्हा टोचायचे आणि अजून टोचते.

अशोक मात्र मला पहिल्या दिवसापासून आपला वाटला. तो भारतीय आहे, आयआयटीतून आलेला आहे, सगळ्यांत हुशार आहे आणि सगळ्यांत खालच्या जागेवर, म्हणजे इंटर्न आहे. वर्षानुवर्षे इंटर्नच. इंग्रजीत त्याचे नाव ए, एस, ओ, के असे लिहितात. त्यातही श नाही. ॲडम्सचा याच नावाचा एक भारतीय सहकारी होता, तो आपले नाव असेच लिहायचा, म्हणून पात्राचेही तसेच राहिले. पहिल्यांदा ते स्पेलिंग पाहिले तेव्हा मला स्टेशनची पाटी आठवली. श गळालेली दोन नावे, एक गावाचे आणि एक पोराचे, आणि मी दोघांच्या मध्ये राहायला आलेली.

२००३ साली पट्टीत तो आयआयटीचा असल्याचे उघड झाले, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या आयआयटीवाल्यांनी मिठाई वाटल्यासारखी ती पट्टी सगळीकडे पाठवली. त्यात तो सांगतो की कपाळाला कप लावून मनानेच चहा गरम करण्याची सवय त्याने आता सोडली आहे, साध्या माणसांना भीती वाटू नये म्हणून. सगळे खूश होते. मला मात्र अशोकचे दुसरेच काही आवडायचे. त्या संपूर्ण मजल्यावर तो एकटा असा होता, ज्याला अजून वाटत होते की काम केले की काहीतरी होते. कुणी म्हणाले अमुक करायचे आहे, की तो मनापासून करायला धावायचा. वॉलीने त्याला टाळाटाळीचे धडे द्यायचे आणि त्याने ते वहीत उतरवून घ्यावे अशा श्रद्धेने ऐकायचे. मग शेवटच्या चौकटीत त्याची ती श्रद्धा तुटायची. वाचणारा हसायचा, कारण वाचणाऱ्याची आधीच तुटलेली असायची. दुसऱ्या दिवशी तो परत तितक्याच विश्वासाने हजर. लोक त्याला भोळा म्हणायचे. मला तो शब्द पटला नाही. मिरजेत आमच्या गल्लीत सतारी करणारी घरे आहेत. भोपळा वाळवायचा, कापायचा, दांडी बसवायची, जवारी लावायची. ज्याच्यासाठी सतार होते आहे तो कुठल्या गावी वाजवणार, वाजवणार की भिंतीला लटकवणार, हे करणाऱ्याला माहीत नसते. तरी जवारी लावताना तो श्वास रोखतो. त्या माणसाला आमच्याकडे कुणी भोळा म्हणत नाही.

डिल्बर्टच्या जगात आपल्यासाठी दोन जागा होत्या. एक अशोक. दुसरी एल्बोनिया. एल्बोनिया हा तिथला काल्पनिक गरीब देश. तिथे कमरेपर्यंत चिखल आहे आणि सगळी माणसे सारखी: सारखी दाढी, सारखी टोपी. कंपनीला स्वस्तात काम करून घ्यायचे असले की ते एल्बोनियाला जाते. मालिकेतला एक भाग तर तिथल्या सहलीवरच आहे. तो देश पूर्व युरोपातला म्हणून काढलेला आहे, भारत नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ते काम खरोखर येत होते कुठे? तुमकूर रोडवर. दोन हजार साल आले की संगणकांच्या तारखा चुकतील, या भीतीने अमेरिकेतल्या कंपन्यांनी आपले जुने प्रोग्राम दुरुस्त करायला पाठवले, त्यातून बेंगळूरच्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. डिल्बर्टच्या मालिकेतही त्या संकटावर एक भाग आहे. आम्ही त्याच लाटेच्या शेपटावर आलेलो. तिकडून फोन यायचा तो रात्री साडेनऊला. आमची नावे त्यांना सांगता यायची नाहीत, आणि आम्ही ती त्यांच्यासाठी लहान करून घेतली होती. पट्टीत अशोकला चेहरा होता, कारण तो त्यांच्या ऑफिसात जाऊन बसला होता. जो आपल्या गावी राहून तेच काम करत होता, त्याला दाढी-टोपीच्या घोळक्यात उभे केलेले.

आणि चिखल होताच. आमच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर यशवंतपूरचा बाजार, इथले लोक त्याला आरएमसी यार्ड म्हणतात. पावसाळ्यात तिथे लॉऱ्यांच्या चाकांनी जमीन घुसळून निघते. सडलेल्या कांद्याच्या पातीचा, भिजलेल्या पोत्यांचा वास. आणि वाऱ्याने दिशा बदलली, की म्हैसूर सँडल साबणाच्या कारखान्याकडून चंदनाचा सुगंध येतो. हे दोन वास एका श्वासात मिळतात अशी दुसरी जागा मला माहीत नाही. म्हैसूर संस्थानाने सुरू केलेला तो साबण. त्याच्या वेष्टनावर शरभ आहे, धड सिंहाचे आणि मस्तक हत्तीचे. दुपारी जेवण झाले की मी यार्डापर्यंत चालत जायची, कारण तिथे एमएच नंबरच्या लॉऱ्या उभ्या असत आणि मराठी ऐकू येई. एकदा एका ड्रायव्हरला विचारले, "कुठलं गाव, दादा?"

"राहुरी. तुम्ही आपल्याकडल्याच का ताई?"

"मिरजेची."

"मग इकडं कशापायी?"

मी सांगितले, कॉम्प्युटरवर काम करते. त्याने एक कांदा उचलला, वरचे साल अंगठ्याने काढले, आणि आतला लालबुंद तुकतुकीत कांदा माझ्या हातावर ठेवला. "चाळीत पाच महिने ठेवलेला आहे. बघा, एक डाग नाही." त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्या रात्री मी एल्बोनियाच्या पट्ट्या परत काढून पाहिल्या. चिखलात उभ्या असलेल्या कुणाच्याही हातात काही नव्हते.

२००२ साली आमचा एक प्रकल्प बंद पडला. मी आठ महिने त्यावर होते. एका परदेशी कंपनीच्या सुट्या भागांच्या गोदामाचा हिशेब: कुठला भाग कुठल्या फळीवर, किती उरले, कधी मागवायचे. घड्याळजीच्या मुलीला हे काम आपोआप आवडले होते. मग ती कंपनी दुसरीने विकत घेतली, आणि एका शुक्रवारी संध्याकाळी कळवले गेले की सोमवारपासून याची गरज नाही. कुणाशी बोलणे नाही, कारण नाही. आम्ही सगळे क्षणभर गप्प बसलो, आणि मग कुणीतरी प्रिंटरवरून एक पट्टी काढून दारावर टोचली. तिच्यात नेमके हेच घडत होते. सगळे हसले. मीही हसले. हसल्याने बरे वाटले हे खरे आहे, आणि ती पट्टी नसती तर त्या संध्याकाळी काहीजण रडलेच असते. पण हसून झाल्यावर जो तो आपली बॅग घेऊन निघाला. प्रोग्राम शेवटच्या दोन चाचण्यांवर तसाच उघडा राहिला.

आमच्याकडे स्टोअर सांभाळणारे एक गृहस्थ होते, साठीच्या जवळ आलेले. आधी ते जालहळ्ळीच्या घड्याळांच्या कारखान्यात जुळणीच्या लाइनवर होते. मला मिरजेमुळे कन्नड येत असे, म्हणून ते माझ्याशी बोलत. दिवे बंद करायला आले तेव्हा मी एकटी बसले होते. काय झाले ते मी सांगितले. त्यांनी खुर्ची ओढली. म्हणाले, "नोडम्मा, मुगिसिबिडु." बघ बाई, संपवून टाक. मी म्हटले, आता कुणासाठी? त्यावर ते काही बोलले नाहीत. आपल्या मनगटावरचे एचएमटीचे 'जनता' घड्याळ सोडून माझ्या कानाला लावले. १७ ज्वेल्स, चावीचे. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. बाबांनी लहानपणी मला ते मोजायला शिकवले होते. मोजता येत नाहीत, पण पाचाची लय कानात बसते. ते म्हणाले, लाइनवर त्यांच्या हातून किती गेली याची गणती नाही, आणि त्यातले एकही घड्याळ कुणाच्या हातावर बांधलेले त्यांनी पाहिले नाही.

दोन्ही चाचण्या संपायला रात्रीचे अकरा वाजले. शेवटच्या अहवालात एकही चूक नव्हती. तो मी प्रिंटरवर काढला. ते बघत उभे होते. चष्मा काढून पुसला आणि परत घातला. आम्ही दिवे बंद केले. अहवाल अजून माझ्याकडे आहे, कडेला भोके असलेल्या लांब कागदावर.

डिल्बर्टने आमच्या पिढीला फार मोठी गोष्ट दिली, हे मी मनापासून मानते. ऑफिसात जे मूर्खपणाचे आहे ते मूर्खपणाचेच आहे, दोष तुझ्यात नाही, हे पहिल्यांदा कुणीतरी उघड सांगितले. लहान गावातून आलेल्या मुलीला साहेबाच्या प्रत्येक शब्दात शहाणपण दिसते. तिला हे कळणे गरजेचे असते. पण त्या हसण्याने आमचे आणखी काहीतरी नेले. मन लावून काम करणारा हा आपोआप हसण्याचा विषय झाला. नवीन मुलगा आला, त्याने उत्साहाने हात वर केला, की सगळ्यांच्या नजरेत तीच शेवटची चौकट दिसायची. मी अशी किती मुले पाहिली, जी सहा महिन्यांत वॉली व्हायला शिकली. हुशारीची ती खूण समजली जायची.

अशोकच्या नावाचे मला पुढे वेगळेच काही कळले. रायचूर जिल्ह्यात मस्की नावाचे गाव आहे. तिथे १९१५ साली बीडन नावाच्या, सोन्याच्या खाणीवरच्या इंजिनिअरला एका खडकावर ब्राह्मी अक्षरे सापडली. तोवर देशभर सापडलेल्या त्या राजाच्या लेखांमध्ये त्याच्या पदव्याच होत्या, देवांचा लाडका वगैरे. स्वतःचे नाव कुठे नव्हते. मस्कीच्या खडकावर ते पहिल्यांदा मिळाले. आणि ते आहे 'असोक'. प्राकृतात तिथे श नव्हताच, स होता. पुढे बळ्ळारीकडे निट्टूर आणि उडेगोळमला सापडलेल्या लेखांतही नाव मिळाले. हे वाचले त्या दिवशी मला कितीतरी वेळ दुसरे काही सुचले नाही. ज्याला मी गळालेले अक्षर समजत होते, ते गळालेले नव्हतेच. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच राज्यातल्या खडकावर एका कारागिराने छिन्नीने ते तसेच कोरले होते. नाव कुणाचे हे त्याला ठाऊक असेल. ते कोण वाचणार, हे नक्कीच नसेल.

२०१३च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू केले. पुढच्या फेब्रुवारीत पट्टीतल्या अशोकने आपण समलिंगी असल्याचे सांगून टाकले, त्या निर्णयाचा निषेध म्हणून. पंचवीस वर्षांच्या त्या पट्टीत हा कायम शिकाऊ राहिलेला मुलगा स्वतःच्या देशाबद्दल बोलला. आमच्या जुन्या टीममधल्या एकाने ती पट्टी आम्हा चौघांना पाठवली. सोबत एक शब्दही लिहिला नव्हता. आम्ही दहा वर्षे रोज एका टेबलावर जेवलो होतो. त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला, आणि आम्ही बराच वेळ पट्टीबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोललो. २०१८ साली न्यायालयाने ते संबंध गुन्ह्यातून काढले तेव्हा फोन त्याने केला.

२०२३ साली ॲडम्सने कृष्णवर्णीय अमेरिकनांपासून गोऱ्यांनी लांबच राहावे असे जाहीरपणे म्हटले, आणि शेकडो वर्तमानपत्रांनी पट्टी काढून टाकली. काढायलाच हवी होती. ज्याने एका परदेशी मुलाला चेहरा दिला, त्याने आपल्याच गावच्या शेजाऱ्यांचा काढून घ्यावा, याचे मला फार वाईट वाटले. घरातल्या कपाटात ठेवलेल्या जुन्या कात्रणांना तेव्हापासून मी हात लावलेला नाही. फक्त अशोकचे एक तेवढे बाहेर राहिले. त्यात तो एकटा बसून काम करतो आहे.

बाबा यशवंतपूरला एकदाच आले, २००४च्या डिसेंबरात. पहिल्या दिवशी जालहळ्ळीला जायचे म्हणाले. कारखान्यात बाहेरच्यांना जाता येत नव्हते, म्हणून आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो. पाळी सुटली, माणसे बाहेर येऊ लागली, त्यात बायकाही होत्या. बाबा त्यांच्या हातांकडे बघत होते. २०१६ साली सरकारने तो घड्याळांचा व्यवसाय बंद करायचे ठरवले, तोवर बाबाही उरले नव्हते.

बाबांच्या त्याच मुक्कामातली ही गोष्ट. एक सहकारी अमेरिकेहून डिल्बर्टच्या मालिकेच्या डीव्हीडी घेऊन आला होता, मी त्या घरी आणल्या होत्या. पहिल्या हंगामातला एक भाग आहे, 'द नॅक' नावाचा. नॅक म्हणजे हातोटी. त्यातला एक तुकडा जगभरच्या इंजिनिअरांनी एकमेकांना पाठवला आहे. लहानग्या डिल्बर्टला घेऊन त्याची आई डॉक्टरकडे येते. पोर सगळ्या वस्तू उघडून ठेवते. डॉक्टर म्हणतात, मुले उघडतातच. आई म्हणते, तसे नाही, त्याने त्या भागांतून हॅम रेडिओ बनवला. डॉक्टर तपासतात, गंभीर होतात आणि सांगतात की याला हातोटी आहे, हा इंजिनिअर होणार. आई रडू लागते.

बाबांना इंग्रजी येत नव्हते. ते पलंगावर मांडी घालून, भिंग लावल्यासारखा एक डोळा बारीक करून बघत होते. तुकडा संपल्यावर विचारले, "ती बाई का रडली गं?"

"डॉक्टर म्हणाले, मुलगा इंजिनिअर होणार."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या दुकानात दोन किलो पेढे आले होते, आणि त्या दिवशी आईही रडली होती. ते रडणे वेगळे. त्यांना तेच आठवत असावे असे मला वाटले. मी सातवीत असताना एका गिऱ्हाइकाचे गजराचे घड्याळ उघडून बसले होते, तेही आठवत असेल. तेव्हा बाबा रागावले नव्हते. त्यांनी एनॅमलची ताटली माझ्यापुढे सरकवली होती, भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवायला, आणि मी ते परत चालू करीपर्यंत दुकान बंद केले नव्हते. रात्रीचे दहा वाजले होते.

"आणि पोरानं काय काय उघडलं म्हणालीस?"

"टीव्ही, स्टीरिओ. घड्याळ."

"घड्याळ." त्यांनी मान हलवली. "मग ते परत जोडलं का त्यानं?"

मी तो तुकडा परत लावला.